आत्याचं बोट आणि तीन काचा

कव्हरसाहेबांनी कॅमेरा घेतला, त्याला घरात कोणाचीच हरकत नव्हती. प्रकरण चिघळलं ते कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवायच्या काचेवरून.

कव्हरसाहेब हे नाव त्यांना ऑफिसने दिलेलं. एका कारखान्याच्या खरेदी विभागात ते नोकरीला होते, आणि ज्याच्या बटणांवरचे आकडे अजून वाचता येत होते असा विभागातला एकमेव कॅल्क्युलेटर त्यांच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत नांदत होता. घरी तर विचारायलाच नको. रिमोट पिशवीत, मिक्सरला झबलं, छत्रीला पिशवी आणि ती पिशवी ठेवायला आणखी एक पिशवी. सोफ्यावर तो दुकानातून आला त्या दिवशीचं प्लास्टिक अजून तसंच होतं. पाहुणा उठायला लागला की त्यातून असा काही आवाज यायचा की त्या बिचाऱ्याला उगाचच खुलासा करावासा वाटे. या घरात आपण दोघीच तेवढ्या उघड्यावर आहोत, आणि तेही मापाचं कव्हर मिळालं नाही म्हणून, असं त्यांची बायको लेकीला सांगायची. कव्हरसाहेबांना यात हसण्यासारखं काही दिसत नसे. वस्तू नवी राहावी असं वाटणं हा गुन्हा नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

त्यांची आत्या म्हणजे नेमकं उलटं टोक. तिला कुठलीही गोष्ट बोट लावल्याशिवाय कळत नसे. भिंतीला नवा रंग लागला की वाळलाय का हे ती बोटाने बघणार, आणि तो वाळलेला नसणार. बातम्या देणारी बाई आपल्या नणंदेसारखी दिसते हे दाखवताना तिने एकदा कव्हरसाहेबांच्या टीव्हीच्या पडद्यावर त्या बाईच्या नाकाला बोट लावलं होतं, आणि तो ठसा पुसेपर्यंत कव्हरसाहेबांना जेवण गेलं नव्हतं. फोटो दाखवताना तर ती प्रत्येक चेहऱ्यावर बोट टेकवून हा कोण, ही कोण, कोण कोणावर गेलंय ते सांगायची. तिच्या जुन्या अल्बममधले निम्मे चेहरे त्या बोटाखाली झिजून गुळगुळीत झाले होते. तिला मात्र ते सगळे स्पष्ट दिसत.

ही आत्या आता कायमची तिच्या मुलीकडे राहायला निघाली होती. मुलगी समुद्रापलीकडे, फार लांब. तिथून परत येणं काही व्हायचं नाही, हे आत्याला ठाऊक होतं, बाकीच्यांनाही ठाऊक होतं, म्हणूनच त्यावर कोणी बोलत नव्हतं. जाताना तिने एकच गोष्ट मागितली. तिला तिच्या दोन्ही भावांबरोबर एक फोटो हवा होता, भिंतीवर लावण्यासारखा मोठा. एका फोटोत दोघं आणि मधे ती.

मागणी साधी वाटते, पण तशी नव्हती. कव्हरसाहेबांच्याच घरी राहणारे त्यांचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, हे दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण बुद्धिबळ. एका रविवारी डाव रंगात आला असताना काकांनी वजिराला हात लावला, मग त्यांना काहीतरी दिसलं आणि त्यांनी हात मागे घेतला. अण्णा म्हणाले, हात लावला की चाल करावीच लागते. काका म्हणाले, मी तो फक्त घरात नीट बसवत होतो. अण्णा म्हणाले, खोटं बोलू नकोस. त्यानंतर पट मिटला तो मिटलाच. तेव्हापासून दोघं एका खोलीत असले तरी तिसऱ्यामार्फत बोलत. त्याला म्हणावं, पंखा जरा कमी कर. त्याला सांगा, बटण त्याच्याच डोक्यामागे आहे. दोघांत जर कोणी तिसरा नसला तर पंखा तसाच फिरत राही.

आत्याचा शब्द मोडायची दोघांचीही छाती नव्हती, त्यामुळे फोटोला येतो असं दोघांनी कबूल केलं. स्टुडिओत मात्र दोघंही यायला तयार नव्हते, कारण परक्या माणसासमोर शोभा नको. म्हणजे फोटो घरीच काढायचा आणि घरच्याच माणसाने काढायचा. नवा कॅमेरा घेतलेला घरचा माणूस एकच होता. कव्हरसाहेबांनी ही जबाबदारी स्वीकारली तेव्हा त्यांचा आवाज नकळत थोडा जड झाला होता, असं लेक नंतर सांगत असे.

त्याच दिवशी आत्याने कॅमेरा बघायला मागितला. कव्हरसाहेबांनी तो पेटीतून काढला, पेटीतल्या पिशवीतून काढला, पिशवीतल्या फडक्यातून काढला आणि तिच्यापुढे धरला. "म्हणजे बघायचं ते इथून का रे?" असं म्हणत आत्याने लेन्सच्या बरोबर मध्यावर बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी कव्हरसाहेब ऑफिसातून परस्पर कॅमेऱ्याच्या दुकानात गेले.

दुकानदार बोलघेवडा होता. लेन्सवर संरक्षणाला काच लावतात, तिला फिल्टर म्हणतात, इतकं त्याने एका वाक्यात सांगितलं आणि मग धातूच्या कडीत बसवलेल्या काचांचे तीन नमुने काळ्या कापडावर मांडले. एक साधी काच. दुसरीवर चकाकी घालवणारा लेप दिलेला. तिसरीवर लेपावर लेप, तोही दोन्ही बाजूंनी, पाणी टाकलं तर ओघळून जाईल आणि बोट लावलं तर ठसा उमटणार नाही अशी. तिन्ही काचा कव्हरसाहेबांना हुबेहूब सारख्या दिसल्या. खरेदी विभागात आयुष्य काढलेला माणूस हे तोंडावर दाखवत नाही. त्यांनी गंभीरपणे तिन्ही उचलून पाहिल्या आणि साध्या काचेने फोटो येत नाही का असं विचारलं.

"येतो ना," दुकानदार म्हणाला. "पण मग तो नुसता फोटोच असतो."

या वाक्याचा अर्थ काय, हे कव्हरसाहेबांना त्या वेळी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. पण ते त्यांना लागलं. विचार करून सांगतो म्हणून ते घरी आले.

विचार एकट्याने करायची सोय त्यांच्या इमारतीत नव्हती. जिना चढेपर्यंत समोरच्या घरातल्या पक्षीवाल्यांना बातमी लागली होती. हे गृहस्थ दर सुट्टीला पहाटे उठून तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला जात आणि परत आल्यावर पानांचे फोटो दाखवून पक्षी आत्ताच उडाला असं सांगत. त्यांच्या मते वरच्या दर्जाची घ्यायची नसेल तर काच घेऊच नये, त्यापेक्षा पातेल्यावरची झाकणी लावावी. वरच्या मजल्यावरचे निवृत्त डोळ्यांचे डॉक्टर मात्र मधल्या काचेच्या बाजूचे निघाले. जन्मभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरल्या, लेप म्हणजे काय ते मला विचारा, असं म्हणून त्यांनी लेपाविषयी पुष्कळ सांगितलं आणि जाता जाता कव्हरसाहेबांना दाराबाहेरच्या पाटीवरचं बारीक अक्षर वाचायला लावून तुमचा नंबर वाढलाय असंही सांगून टाकलं. बायकोचं म्हणणं होतं की आत्याला बोट लावू नको म्हणून सांगितलं तर काच लागणारच नाही. यावर घरात सगळेच हसले, बायकोसुद्धा.

शेवटी खरेदी विभागाचा जुना नियम कव्हरसाहेबांच्या मदतीला धावून आला. सर्वांत स्वस्त माल घेतला तर वापरणारा ओरडतो. सर्वांत महाग घेतला तर तपासणीला येणारा भुवया उंचावतो. मधला घेतला की दोघंही गप्प बसतात आणि माल कसा आहे हे कोणी विचारतच नाही. या नियमावर त्यांनी इतकी वर्षं निर्वेध काढली होती. त्यांनी मधली काच घेतली.

ती घेऊन ते वर गेले. डॉक्टरांनी काच ट्यूबलाइटखाली धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली आणि त्यांचा चेहरा पडला. काचेत एकाऐवजी दोन ट्यूबलाइट दिसत होत्या. कव्हरसाहेबांनीही पाहिलं. खरंच दोन होत्या, एक पांढरी आणि एक हिरवट. मधली घ्या हे तुम्हीच म्हणाला होतात, असं त्यांनी शक्य तितक्या सौजन्याने सुचवलं. डॉक्टर म्हणाले, मी तत्त्वाबद्दल बोलत होतो. त्या रात्री कव्हरसाहेबांना आत्याच्या फोटोत दोन दोन काका दिसू लागले. मुळात एकच काका सांभाळणं जड जात होतं.

दुकानात सील तोडलेली वस्तू परत घेत नसत. त्यांनी तिसरी, उंची काचही घेतली. साधी काच दुकानदाराने स्वतःहून वर फुकट दिली, आणि फुकट आलेली वस्तू नाकारण्याचं शिक्षण त्यांना कोणी दिलेलं नव्हतं.

उंची काच खरोखर देखणी होती. तिच्यात ट्यूबलाइट दिसतच नव्हती. कव्हरसाहेब तिच्याकडे बराच वेळ बघत बसले, आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की अशी वस्तू उघड्यावर ठेवणं शक्य नाही. ठसा उमटत नाही हे दुकानदाराचं बोलणं होतं. दुकानदाराने आत्याचं बोट पाहिलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी उंची काचेच्या रक्षणासाठी तिच्यावर मधली काच फिरवून बसवली. मधलीसुद्धा काही फुकट आलेली नव्हती, तेव्हा तिच्यावर साधी.

लेक कॉलेजात शास्त्र शिकत होती. तिने या तीनमजली बांधकामाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, म्हणजे उजेड आधी सगळ्यात वाईट काचेतून येणार."

"म्हणून तर शेवटी चांगली ठेवलीये," कव्हरसाहेब म्हणाले. "आधीच्या दोघींनी केलेल्या चुका ती निस्तरेल."

ऑफिसात फायली अशाच चालतात, त्यामुळे यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. खिडकीतल्या कुंडीवर झूम करून त्यांनी दोन फोटो काढून पाहिले. कुंडी जरा आजारी वाटत होती, पण ती तशीही होतीच. मग त्यांनी बायकोचा फोटो काढला. बायकोने तो पाहिला आणि आपल्या तोंडावर धुकं का आलंय असं विचारलं. हे मात्र त्यांना गांभीर्याने घेणं भाग पडलं, कारण आत्याचा फोटो दोन दिवसांवर आला होता. रक्षणाचा मोह बाजूला ठेवून फोटोपुरती एकच काच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं आणि वरची काच फिरवली. ती फिरली नाही.

जोर लावला तेव्हा असं लक्षात आलं की तिन्ही काचा एकमेकींना धरून बसल्या आहेत आणि आणखी आवळल्या जात आहेत. बसवताना धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी त्या अंमळ जास्तच घट्ट केल्या होत्या, आणि एकीचे आटे वाकडे बसले होते. पक्षीवाल्यांनी रबर बँड गुंडाळून फिरवायला सांगितलं. रबर बँड तुटून त्यांच्याच कपाळावर बसला आणि ते तात्पुरते विषयातून बाहेर पडले. डॉक्टरांनी थंडीने धातू आकसतो हा मुद्दा मांडला. धातू आकसला तर तिन्ही कड्या एकदमच आकसतील ना, अशी शंका लेकीने काढली. पण ती लहान असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चहासाठी दूध काढायला गेले, तर फ्रीजमध्ये पातेल्याशेजारी, पारदर्शक पिशवीत, कॅमेरा त्यांच्याकडे बघत होता. अण्णांनी दार हळूच लावलं, चहा न घेताच बाहेर येऊन बसले आणि सुनेला जवळ बोलावून विचारलं की ऑफिसात याचं सगळं ठीक चाललंय ना.

कॅमेरा कंपनीचं दुरुस्ती केंद्र गावात होतं. कव्हरसाहेबांनी अर्धी रजा टाकून तिथे नंबर लावला. काउंटरवरच्या बाईंनी कॅमेरा पाहिला, काचा पाहिल्या आणि मान हलवली. फिल्टर हा कॅमेऱ्याचा भाग नाही, त्यामुळे आम्हाला त्याला हात लावता येत नाही, असं त्या म्हणाल्या. लेन्सचे आटे बिघडले असतील तर ते जरूर दुरुस्त होतील, मात्र लेन्स तपासायला द्यायच्या आधी तिच्यावरचे फिल्टर काढून आणावे लागतील. फिल्टर निघत नाहीत म्हणूनच आलोय, असं कव्हरसाहेबांनी सांगितलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि निघाले की या, असं सांगितलं. तिथून ते दुकानात गेले. फिल्टर सदोष असेल तर बदलून देऊ, दुकानदार म्हणाला, फक्त तो सुटा करून आणा. दुसरा कोणी असता तर चिडला असता. कव्हरसाहेब मात्र परत येताना काहीसे नरमच होते. इतकं बिनतोड उत्तर ते स्वतः गेली कित्येक वर्षं लोकांना देत आले होते, आणि काउंटरच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

फोटोचा दिवस उजाडला. आत्याचं विमान दुसऱ्या दिवशी होतं.

कव्हरसाहेबांच्या घरची बाहेरची खोली बेताची. सोफा गॅलरीत काढला, त्याच्याबरोबर प्लास्टिकही गेलं. आत्या मधोमध खुर्चीत बसली. तिच्या मागे एका टोकाला अण्णा उभे राहिले आणि दुसऱ्या टोकाला काका. दोघांनाही खुर्च्या दिल्या होत्या, पण दुसरा उभा असताना आपण बसायचं हे दोघांनाही पटेना, त्यामुळे वयोमानाने गुडघे दुखत असलेली दोन माणसं दोन रिकाम्या खुर्च्यांशेजारी ताठ उभी राहिली. त्यांच्यामधे काकू, बायको आणि लेक असा बंदोबस्त होता. त्याला म्हणावं मान सरळ ठेव, असं अण्णा काकूंना म्हणाले. त्याला सांग माझी मान सरळच आहे, असं काका काकूंनाच म्हणाले. काकूंनी कोणालाच काही सांगितलं नाही. त्यांनी ते सांगणं कधीचंच सोडून दिलं होतं.

कव्हरसाहेब समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तरी सगळे मावेनात. तेव्हा त्यांनी लेन्स होती तेवढी रुंद केली, डोळा लावला आणि बटण दाबलं. कडेला काहीतरी काळं दिसल्यासारखं झालं, पण नंबर वाढलाय हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतंच.

फोटो पडद्यावर आला. मधे आत्या नीट होती. काकू, बायको आणि लेक ठीक होत्या. चारही कोपरे मात्र काजळ फासल्यासारखे काळे होते, आणि वरच्या दोन कोपऱ्यांत जिथे अण्णांचं आणि काकांचं डोकं असायला हवं होतं तिथे काही नव्हतं. खांद्यापासून खाली दोन इस्त्रीचे सदरे तेवढे उभे होते. एकावर एक चढवलेल्या तीन काचांच्या कड्या लेन्सच्या पुढे इतक्या बाहेर आल्या होत्या की रुंद फोटोत त्याच कडेने आत डोकावत होत्या. कुंडीवर झूम केलेलं होतं, त्यामुळे परवा हे कळलं नव्हतं.

आत्याने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं ते हा एक फोटो, दोन म्हातारे कित्येक वर्षांनंतर एका चौकटीत येऊन उभे राहिले होते, आणि आपण बोटाच्या एका ठशाच्या भीतीने नेमकं त्या दोघांनाच पुसून टाकलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी खाली मान घालून जे झालं ते सांगितलं. झूम करून पाहिलं तर कोपरे जात होते, पण मग अण्णा आणि काका मुळात चौकटीतच येत नव्हते. पक्षीवाले दारातून डोकावत होते. त्यांनी मी झाकणी म्हटलं होतं याची आठवण करून दिली. लेकीने फोन काढला, आणि आपण फोनवर काढू, दोन मिनिटांचं काम आहे, असं म्हणाली. कव्हरसाहेबांनी हरकत घेतली नाही. अभिमान वगैरे आता शिल्लक नव्हता.

"बघू मला तो," आत्या म्हणाली.

कव्हरसाहेबांनी कॅमेरा तिच्यापुढे धरला. आत्याने चष्मा चढवला आणि पडद्यावर बोट ठेवलं. बोट अण्णांच्या काळ्या कोपऱ्यावर गेलं, तिथून हळूहळू मधे तिच्या स्वतःच्या चेहऱ्यापर्यंत आलं, मग काकांच्या कोपऱ्यापर्यंत गेलं आणि पुन्हा मधे आलं. कव्हरसाहेबांना पडद्यावरचा ठसा दिसत होता, पण त्यांनी फडकं काढलं नाही.

"फोन ठेव गं," आत्या नातीला म्हणाली. "फोनमधले फोटो फोनमध्येच राहतात. याच कॅमेऱ्यात काढायचा." मग मागे न बघता ती म्हणाली, "अण्णा, आत सरक. आणि धाकट्या, तूही."

थोरल्या ताईपुढे दोघांचंही काही चालत नसे. दोघं एक एक पाऊल आत आले. कव्हरसाहेबांनी फोटो काढला. या वेळी अण्णांची हनुवटी आली आणि काकांचा एक कान आला. आणखी सरका, असं आत्या म्हणाली. लेक आणि बायको मधून निघून पुढे जमिनीवर बसल्या. पुन्हा फोटो. अर्धे अर्धे चेहरे आले. आणखी, आत्या म्हणाली. काकूंनी आपली जागा सोडली आणि त्या लेकीशेजारी जाऊन बसल्या, जरा घाईनेच. आता आत्याच्या खुर्चीमागे दोघांच्या मधे कोणी उरलं नव्हतं, म्हणजे कोणाला काही सांगायलाही कोणी उरलं नव्हतं.

"खांद्याला खांदा लागला पाहिजे," कव्हरसाहेब म्हणाले. ते कॅमेऱ्याविषयीच बोलत होते, पण त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

दोघं सरकले. अण्णांचे गुडघे एव्हाना बोलायला लागले होते, म्हणून आधाराला त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. पाठीवर काकांचा हात आधीच होता. अण्णांचा हात त्याच्यावर पडला, आणि विस्तवाला लागावा तसा त्यांनी तो उचलला.

काका समोर कॅमेऱ्याकडेच बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"हात लावला की चाल करावी लागते," ते म्हणाले. "मागे घेता येत नाही. नियम तुझाच आहे."

अण्णांचा हात खुर्चीच्या वर, हवेत, तसाच थांबला होता. मग त्यांनी तो खाली आणला आणि काकांच्या हातावर ठेवला. "वजीरच होता ना तो," ते म्हणाले. "वजीरच होता," काका म्हणाले. "नीट बसवत नव्हतो. खेळणार होतो, आणि तुझा घोडा दिसला." आत्या दोघांपुढे बसून सरळ समोर बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायला तिने हात उचलला नाही, कारण कव्हरसाहेबांनी हलू नका म्हणून सांगितलेलं होतं. त्यांनी बटण दाबलं.

फोटो काही चांगला आला नव्हता. त्यावर थोडं धुकं होतं, कोपरे काळेच होते, आणि ट्यूबलाइट दोनदा दिसत होती, एक पांढरी आणि एक हिरवट. पण सगळे चेहरे मधे होते. कव्हरसाहेब तो घेऊन धावतपळत गेले आणि मोठा छापून आणला. छापणाऱ्याने काळे कोपरे कापून देतो म्हणून सांगितलं. राहू दे, कव्हरसाहेब म्हणाले.

तिथून ते फ्रेमवाल्याकडे गेले. फ्रेमवाल्याने लाकूड पसंत करून घेतलं, माप घेतलं, आणि मग काउंटरवर कापड पसरून त्यावर तीन काचांचे तुकडे मांडले. एक साधी, एक चमक न मारणारी, आणि एक तिच्याही वरची. हिच्यावर ठसा म्हणून उमटत नाही, असं म्हणून त्याने तिसरा तुकडा पुढे सरकवला. कव्हरसाहेबांनी सवयीने तिन्ही उचलून उजेडात पाहिल्या. तिन्ही सारख्याच दिसत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे समुद्रापलीकडची एक भिंत आली, आणि त्या भिंतीपुढे उभी असलेली आत्या.

"काच नको," ते म्हणाले.

फ्रेमवाल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. काचेशिवाय धूळ बसेल, तो म्हणाला, बोटं लागून चेहरे खराब होतील.

"होऊ देत," कव्हरसाहेब म्हणाले, आणि तिन्ही तुकडे त्यांनी एकावर एक न ठेवता, वेगवेगळे, त्याच्याकडे परत केले.